दोन वेढे

“ओढून बघा की,” कुंडलिक म्हणाला. “ओढल्याबिगर टाकी कळत न्हाई.”

पेठला हायवेलगतच्या त्याच्या दुकानापुढं दोन टाक्या मांडल्या होत्या. दोन्ही बसक्या, खाली चाकं असलेल्या. कॅम्पर गाडीत मुक्कामाला येणाऱ्यांचं मोरीचं आणि संडासाचं पाणी त्यात उतरवायचं, मग टाकी लांबच्या खड्ड्यापर्यंत नेऊन रिकामी करायची. डोंगर बघायला येणाऱ्या माणसाला एक वेळ डोंगर धुक्यात दिसला नाही तरी चालतं, संडास मात्र लख्ख लागतो.

कपिल आणि अमृत शाळेपासूनचे दोस्त. शिनोलीच्या पुढं अमृतच्या घरच्या रानात त्यांची कॅम्पर उभी राहणार होती. जुन्या टेम्पोची ती गाडी कपिलनं स्वतःच्या हातानं बांधली होती, पलंगापासून नळापर्यंत. शनिवारी पहिले पाहुणे यायचे होते आणि सांडपाण्याची सोय तेवढी राहिली होती. म्हणून दोघं अमृतची जीप घेऊन आले होते. कपिलचे वडील सोपानराव सहज म्हणून बरोबर आले. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून ते कुठंही सहज म्हणून जात.

एका टाकीला जीपच्या हुकात अडकवायचा लोखंडी दांडा होता. दुसरीला जाड कापडी पट्टा, माणसानं ओढायला.

“पट्ट्याची घ्या, पावणं. हलकी हाय, कुठनंबी जाती. दांड्याचीला दर खेपेला जीप काढा, जोडा, लई कुटाणा.”

कुंडलिकनं नळी लावून पट्ट्याची टाकी काठोकाठ भरली.

कपिल पुढं झाला. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं. त्यानं पट्टा डाव्या खांद्यावरून घेतला, मोकळ्या टोकाचे उजव्या मनगटाला दोन वेढे दिले, कमरेत वाकला आणि चालू लागला. खडीवर चाकं करकरली.

भरदुपारी सोपानरावांच्या अंगावर काटा आला.

असे वेढे देताना त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला पाहिलं होतं, स्वतःच्या बापाला. गावात ढोर मेलं की ते ओढून गावाबाहेर न्यायचं काम त्यांच्या घराकडं होतं. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला त्या दिवशी बापानं दोर घोड नदीत सोडून दिला आणि पुन्हा मेल्या जनावराला हात लावला नाही. सोपानरावांचा जन्म त्यानंतरचा. घरात त्या कामाचं नावही निघत नसे. पण शेवटच्या दुखण्यात, भान सुटल्यावर, म्हातारा गोधडीचा काठ खांद्यावरून घ्यायचा, मनगटाला दोन वेढे द्यायचा आणि अंथरुणात बसल्या बसल्या ओढत राहायचा. “जड हाय,” म्हणायचा. “चावडीवर वाट बघत्यात.” तेव्हा कपिल जन्मालाही आला नव्हता, आणि पुढं ही गोष्ट सोपानरावांनी त्याच्या कानावर कधी जाऊ दिली नव्हती.

“बास कर,” ते म्हणाले.

कपिल थांबला. “का पप्पा? चालती की चांगली. जरा जड हाय, एवढंच.”

सोपानराव त्याच्या मनगटाकडं बघत होते. “पट्टा असा धरायला कुणी शिकवलं तुला?”

“शिकवायचं काय त्यात? हात घसरत न्हाई.”

“काळजी करू नका, काका,” अमृत म्हणाला. “रोज दोन-तीन खेपा व्हतील फार तर. बुकिंगचं मी बघणार, टाकीचं कपिल. ठरलंय आमचं.”

“कवा ठरलं?”

अमृतनं कपिलकडं पाहिलं, कपिलनं अमृतकडं. दोघंही खरंच आठवत होते. कुणाच्याच मनात लबाडी नव्हती, आणि सोपानरावांना त्याचीच जास्त भीती वाटली.

“असं बसून न्हाई ठरवलं,” अमृत शेवटी म्हणाला. “पहिल्यापासनं तसंच व्हतं.”

पट्टा अजून कपिलच्या मनगटावर होता.

“दांड्याची द्या,” सोपानराव कुंडलिकला म्हणाले. मग अमृतकडं वळले. “जीप तुझी. जो जीप चालवंल त्यानं टाकी न्यायची.”

अमृत क्षणभर गोंधळला. त्यानं टाकीकडं पाहिलं, स्वतःच्या हाताकडं पाहिलं, कपिलकडं मात्र त्याला बघवेना. “चालंल, काका,” तो म्हणाला, आणि दांड्याची टाकी जोडायला जीप मागं घेऊ लागला.

कपिलनं वेढे सोडवले. मनगटावर दोन लाल वळ उठले होते, एकाशेजारी एक.

सोपानरावांनी त्याचा हात हातात घेतला. बापाला शेवटची आंघोळ घालताना त्याच्या मनगटावर त्यांना अशाच दोन खाचा दिसल्या होत्या. दोर नदीत जाऊन जन्म उलटला होता, खाचा तशाच होत्या. तेव्हा त्यांनी त्या साबणानं चोळचोळ चोळल्या होत्या.

कुंडलिकची नळी खडीवर वाहत पडली होती. त्यांनी ती उचलली आणि पोराच्या मनगटावर धरली.

“पट्ट्याचा वळ हाय, पप्पा. घोडेगाव येईस्तवर जाईल.”

पाणी दोघांच्या पायांवर सांडत होतं. जीप जोडून झाली, अमृतनं एकदा हॉर्न दिला, दुसऱ्यांदा दिला नाही.

“वळ गेला की, पप्पा,” कपिल हळूच म्हणाला.

सोपानरावांनी वाकून नीट पाहिलं आणि नळी तशीच धरून ठेवली.