काला खट्टा

सुरतेचा उन्हाळा म्हणजे भिंतींनाही घाम फुटावा, आणि अशा भर दुपारी भाविकाच्या गळ्याला मफलर! वर पंखाही बंद. वाऱ्याने पोरीचा घसा धरतो, असं तिचा बाप, धर्मेंद्र, आल्यागेल्याला ओरडून सांगायचा. जन्म कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेलेला. बापड्याला हळू बोलताच येत नसे.

आज बारडोलीहून धर्मेंद्रचे लोटूमामा आले होते. श्रावणात त्यांच्या मंडळाची कानबाई देवी बसायची होती, तिच्यापुढे गायला भाविकासारखी गोड गळ्याची पोरगी हवी होती.

"म्हन वं बेटा," धर्मेंद्र म्हणाला.

भाविकाने गळ्याला हात लावला. "पप्पा, माना गळा बशी गया."

साफ खोटं. गळा चांगला ठणठणीत होता. पण गळा ठणठणीत म्हणजे चिंच नाही, दही नाही, गल्लीत आरडाओरडा नाही, सुट्टीत आजोळी जाणंसुद्धा नाही. देवाने गळा दिला आणि तो सांभाळायला सगळं घर कंबर कसून उभं राहिलं. तिला तो मेला गळा आता नकोसा झाला होता. आजचा दिवस निभावला, की मामा दुसरी पोरगी बघतील.

"आस्सं कसं वं माय!" आईने लगेच हळदीचं दूध पुढे केलं. भाविकाने ते वाफाळतं दूध मुकाट्याने संपवलं. लोटूमामा उठले, चपला शोधू लागले. सुटले बाई एकदाची, असं तिला वाटलं.

तेवढ्यात दारातून कानबाईचं गाणं ऐकू आलं. तीच चाल, तीच हरकत, सूर अगदी नेमका. सहा वर्षांची किंजल, भाविकाची धाकटी बहीण, गल्लीतल्या लारीवरचा बर्फाचा काला खट्टा गोळा चोखत आत येत होती. ओठ जांभळे, हनुवटीवरून रस गळतोय, आणि मधेच गाणं.

लूमने धर्मेंद्रचे अर्धे कान खाल्ले होते, पण सूर त्याला बरोबर कळायचा. तो किंजलसमोर उकिडवा बसला.

"अरे, ही बी गास! आखो म्हन बेटा. पन पह्यले हाऊ गोळा फेकी दे."

त्याचा हात गोळ्याकडे गेला. आता त्या एवढ्याशा गळ्यालाही मफलर, असं भाविकाच्या मनात आलं.

आणि भाविका गायली. उठून, छाती भरून अशी गायली की लोटूमामांच्या हातातली चप्पल हातातच राहिली.

"दखा मामा, मोकळा व्हई गया गळा!" धर्मेंद्र ओरडला आणि तिच्याकडे वळला.

किंजल गोळा सांभाळत गल्लीत पळाली. थोड्याच वेळात तिकडून तिचं गाणं पुन्हा ऐकू येऊ लागलं, तसा भाविकाने आपला सूर आणखी चढवला.