चार बोटं कमी

रांगेतला तो माणूस टाचा उचलून उभा होता.

मोजणाऱ्याला आधी वाटलं, आपलेच डोळे दगा देताहेत. सहा वर्षं तो या बंदरावरच्या गोदामात माणसांची उंची मोजत होता. इथं धरून आणलेला प्रत्येक जण अंग चोरायचा, मान खांद्यात ओढून घ्यायचा, जमलं असतं तर जमिनीत शिरला असता. समुद्रापारच्या मळ्यांवर जाण्यासाठी उंच व्हायची हौस कुणाला असणार?

पूर्वी हाच मोजणारा कापडबाजारात गज घेऊन बसायचा. झुकतं माप देणारा म्हणून त्याचं नाव होतं. मग जहाजांतून परक्यांचं कापड आलं, बाजार बसला, आणि ज्यांचे तागे त्यानं मोजले होते त्यांतलेच काही विणकर एके दिवशी या रांगेत येऊन उभे राहिले. त्याआधी या गोदामात माणसं उघड विकली जायची. नवं सरकार आलं, कायदा आला. दोर सुटले आणि कागद आले. आता माणूस आपखुशीनं मजुरीला जातोय असं त्या कागदावर लिहिलेलं असायचं, आणि अंगठा उमटवताना दोन शिपाई त्याचं मनगट घट्ट धरून ठेवायचे. गेलेलं कुणी परत आलेलं अजून तरी कुणी पाहिलं नव्हतं.

मळेवाल्यांना बुटकी माणसं नको असायची. म्हणून गोदामात एक खांब होता आणि खांबावर एक खाच. खाचेला डोकं लागलं की मोजणारा ‘भरला’ म्हणायचा, नाही लागलं तर ‘कमी’. कारकून मान वर न करता लिहायचा. भरलेल्याला मागच्या अंगणात ढकलायचे, तिथून होडीत. कमी असलेल्याला पुढच्या दारानं बाहेर हाकलायचे.

मोजणारा यात एक चोरी करायचा. प्रत्येक खेपेला दोघातिघांच्या कानाशी तो पुटपुटायचा, “गुडघे सैल सोड.” मग आडवी पट्टी डोक्यावर दाबून मोठ्यानं म्हणायचा, “चार बोटं कमी.” ज्यांच्या मागं बायकापोरं असतील असं वाटायचं, त्यांनाच तो निवडायचा. बाहेर जाताना त्यातले काही जण ढसाढसा रडायचे. सुटल्याचं रडू ते, असं म्हणून त्याचाही जीव भरून यायचा. घरी जेवताना तो बायकोला बोटांनी खूण करायचा, आज दोन, आज तीन. ती त्याच्या ताटात थोडं जास्त वाढायची. तेवढ्यावर त्याला झोप लागायची.

टाचा उचललेला माणूस खांबापाशी आला. मोजणाऱ्यानं पट्टी त्याच्या डोक्यावर टेकवली आणि ओठ न हलवता म्हणाला, “टाचा खाली घे. गुडघे सैल सोड. मी बघतो पुढचं.”

“नको, काका,” तो माणूस तितक्याच हळू म्हणाला. “मागच्या खेपेला बघितलंत तेवढं पुरे झालं.”

आता मोजणाऱ्याला तो चेहरा आठवला. चार महिन्यांपूर्वीचा कुंभार. नखांत अजून माती होती. पायांना चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि चिंध्यांखाली गवत कोंबलं होतं.

“अरे, सुटला होतास ना तू? पुन्हा कसा सापडलास?”

“सापडलो नाही. आपल्या पायांनी आलो. दोन दिवस चालत.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“माझी बायको मागच्या अंगणात होती, काका. कडेवर पोरगी. बायकांना तुम्ही मोजत नाही. त्यांचे नुसते दात बघतात आणि होडीत बसवतात. तुम्ही मला कमी म्हणालात, तेव्हा त्या दोघी होडीत होत्या.”

मोजणाऱ्याच्या हातातली पट्टी तशीच राहिली. मागचं अंगण त्यानं सहा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. त्याचं काम खांबापाशी सुरू व्हायचं आणि खांबापाशी संपायचं.

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“रडत-ओरडत होतो की,” कुंभार म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “तुम्ही माझ्याकडे बघून हसलात.”

“काय अडलंय तिकडे?” कारकुनानं विचारलं.

“काही नाही. पट्टी अडकलीय.” मोजणारा खाली वाकल्यासारखं करून घाईनं म्हणाला, “जहाजं दहा ठिकाणी जातात रे. तुला कुठं उतरवतील, तिला कुठं उतरवलंय, काय पत्ता? नाही भेटली तर?”

“इथं तर ती नक्की नाही ना.”

मोजणारा सरळ झाला. शेवटी त्यानं एकच शब्द उच्चारला, तोही दोनदा.

“भरला. भरला.”

कुंभार मागच्या दाराकडे जवळजवळ पळतच गेला. चिंध्यांतलं गवत वाटेवर सांडत गेलं.

गेल्या सहा वर्षांतले रडणारे चेहरे मोजणाऱ्यापुढे एकेक करून यायला लागले. प्रत्येकाचं तोंड उघडं होतं. प्रत्येक जण काहीतरी सांगत होता.

“पुढचा,” कारकून म्हणाला.

पुढचा माणूस खांबापाशी आला. चाळिशीचा असेल. वाचवणारा कुणी इथं आहे हे त्याच्या कानावर आलं असावं, कारण त्यानं आपणहून गुडघे वाकवले होते आणि तो मोजणाऱ्याकडे आशेनं बघत होता. मोजणाऱ्यानं पट्टी वर उचलून धरली, ती खाली आणलीच नाही. तो त्या माणसाच्या कानाशी वाकला आणि त्यानं सहा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं,

“तुझ्याबरोबर आणखी कोण आलंय?”