हे माझंच आहे

मशीन सकाळी दहाला अडली ती अडलीच. पडद्यावर सत्तेचाळीस हा आकडा लुकलुकत होता आणि बाराही सुया हवेत लटकल्या होत्या. चिमणीने बटण बंद केलं, चालू केलं, शेवटी मशीनला एक चापटही मारून पाहिली. सत्तेचाळीसच.

आवाज बारीक म्हणून कारखान्यात तिला सगळे चिमणी म्हणत. भरतकामाची ही जुनी मशीन मात्र तिच्याशिवाय कोणाचंच ऐकत नसे. हॉटेलचे शंभर टेबलक्लॉथ चारच्या गाडीत चढायचे होते. सत्तर झाले होते.

"आज गाडी चुकली तर ही मशीन भंगारात," मालक दारातूनच म्हणाले, "आणि तू घरी."

मालकांचा पारा उन्हाळ्यापासून चढलेलाच होता. इथे काढलेले नवे नमुने बाजारात जायच्या आधीच दुसऱ्यांच्या कापडावर दिसत होते. कोणीतरी फितूर होतं. "तो चोर एकदा सापडू दे, मग बघतो," हे वाक्य ते जेवणाआधी आणि जेवणानंतर औषधासारखं घेत.

चिमणीच्या घरात कमावती ती एकटी. आई अंथरुणाला खिळलेली, धाकटी बहीण अजून शिकणारी. घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं.

तिने कॉम्प्युटर उघडला. जुन्या भरतकाम-मशीनवाल्यांचा इंटरनेटवर एक मंच होता. खरं नाव आणि कारखान्याचा पत्ता दिल्याशिवाय तिथे खातं मिळत नसे, त्यामुळे माणसं खात्रीची होती. साडेदहाला तिने प्रश्न टाकला. अकराला त्याखाली 'एक उत्तर' अशी अक्षरं उमटली. ती उघडायला गेली आणि आडवी लाल पट्टी आली. खातं गोठवलं आहे. कारण: स्वतःच्या वस्तूची जाहिरात.

"जाहिरात? मी?" चिमणी चाट पडली.

शेजारच्या टेबलावर कापड बेतणारे कटरमामा चष्मा सावरत आले. "कसली जाहिरात केलीस बाई?"

"सुईदोऱ्याची म्हणे."

सुईदोरा म्हणजे एक छोटा प्रोग्राम. नव्या नमुन्याची फाइल जुन्या मशीनला कळेल अशी करून द्यायचा, तीही डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो तिला फुकट सापडला आणि तिचं निम्मं काम हलकं झालं. या आठवड्यात मंचावर तिघांनी तीच अडचण विचारली. तिने तिघांनाही मोठ्या आनंदाने त्याचं नाव सांगितलं होतं.

"फुकट ते पौष्टिक," मामा म्हणाले. "पण एवढं चांगलं काम करून नाव कोण लपवतं गं?"

"असतात मामा काही देवमाणसं."

लाल पट्टीखाली एक अर्ज होता. त्यात दोनच चौकटी. 'हे माझं आहे.' 'मला बनवणाऱ्याकडून मोबदला मिळतो.' आवडलं म्हणून सांगितलं, अशी चौकटच नव्हती. बाजूच्या निरोपांच्या खिडकीत मंचाचे नियम सांभाळणारा चौकीदार हजर होता. तिने त्याला लिहिलं, "दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. ते मला उपयोगी पडलं, म्हणून सांगितलं."

"एका आठवड्यात तीनदा?" उत्तर आलं. "मग सात दिवस चौकशी. तोवर खातं बंद."

"माझी मशीन अडली आहे हो. तेवढं उत्तर वाचू द्या."

"आपलं असेल तर मोकळेपणाने सांगा. सांगितल्यावर खातं लगेच उघडतं, हाच नियम आहे."

घड्याळात पाऊण वाजला. खरं बोलावं तर नोकरी जाणार, नोकरी राखावी तर खोटं बोलावं लागणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"टाक गं खूण," मामा म्हणाले. "अडला हरी गाढवाचे पाय धरी. एका खुणेने कोणाचं काय बिघडतंय?"

तिने पहिल्या चौकटीत खूण केली.

"म्हणजे तुम्ही एकटीनेच बनवलंत?" चौकीदाराने विचारलं.

"हो."

"कोणाची मदत?"

"नाही." आता हा जन्मकुंडली मागणार, असं तिला वाटलं.

"आतला प्रत्येक भाग तुमचाच?"

"प्रत्येक. आता उघडता का?"

"उघडलं. आभारी आहे. फार दिवस विचारायचं होतं."

उत्तर दोन ओळींचं होतं. मागची निळी वायर काढा, दहा आकडे मोजा, फ्रेम हाताने डावीकडे नेऊन वायर लावा. तिने नऊपर्यंतच मोजलं, धीरच निघेना. सत्तेचाळीस गेला. बाराही सुया एकदम खाली आल्या आणि कारखाना खडखडाटाने भरून गेला. चिमणीला रडूच आलं.

साडेतीनला शेवटचा टेबलक्लॉथ घडी होऊन खोक्यात गेला. मालक स्वतः तिच्या टेबलापर्यंत आले. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच हसत होते.

"केलंस तरी काय पोरी?"

"मंचावर विचारलं. बघा ना, इथेच आहे उत्तर." तिने कौतुकाने पडदा त्यांच्याकडे वळवला.

उत्तराच्या वर एक नवी सूचना येऊन बसली होती. मालक चष्मा लावून सावकाश, मोठ्याने वाचू लागले.

"सर्व सभासदांना कळवण्यात येतं, की सुईदोरा हा प्रोग्राम त्यात घातलेला प्रत्येक नमुना गुपचूप बाहेर पाठवतो. एकेचाळीस कारखान्यांचं काम असं चोरीला गेलं आहे. बनवणारा हाती लागावा म्हणून आम्ही इतके दिवस मुद्दाम गप्प होतो. आज दुपारी बनवणारीने स्वतः लेखी कबुली दिली. तिचं नाव आणि कारखान्याचा पत्ता खाली देत आहोत."