नववा कोट

जयपूरच्या चारदीवारीतल्या, म्हणजे तटाआतल्या जुन्या शहरातल्या, शिवणकारखान्यात एका चिमुकल्या बेटदेशाच्या क्रीडासंघाचे नऊ कोट शिवायला होते. जागतिक स्पर्धेच्या संचलनात अख्ख्या देशाची माणसंच नऊ. दुपारी मेल आली: सर्वांत धाकटी, चौदा वर्षांची जलतरणपटू तापाने गेली. ऑर्डरी सांभाळणाऱ्या गौतमीने आधी शाळेत फोन लावून आपला मुलगा संकल्प वर्गात आहे ना, विचारलं. मग कोट शिवणाऱ्या दशरथकाकांना सांगितलं. "मतलब, नववा कोट कॅन्सल?" "नाही, काका. तोच आधी पाठवायचाय. सोमवारी दफन आहे, आई तिला तो घालणार आहे." रेल्वेच्या वर्द्या शिवण्यात जन्म गेलेल्या काकांनी चष्मा पुसला. "पोरगी वाढत्या वयाची म्हणून बाहीत दोन बोटं जास्तीचं कापड मुडपून ठेवलंय, गौतमी. आता कापून टाकू?" तिने त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली. "राहू द्या, तिच्या आईला दिसू दे. आतून बघितल्याशिवाय कुठली आई लेकराला नवा कपडा घालते?"