कागदाचं पिंप

नेगेलेबाई इमारतीच्या अंगणातल्या, रद्दी कागद टाकायच्या पिंपात कंबरेपर्यंत उतरल्या होत्या. बाहेर दिसत होत्या त्या फक्त सपाता आणि एप्रनची गाठ. रोजचीच तपासणी होती ती. पण आज तिसऱ्या मजल्यावरून, पडद्याआड उभी राहून ऊटे ब्रेंत्स ती टक लावून पाहत होती.

तासाभरापूर्वी तिनं त्या पिंपात आपली कादंबरी टाकली होती. चार वर्षांची, पाचव्यांदा लिहिलेली. पाखरांबरोबर उठून, कॉफी निववत, ओळीला ओळ जोडत विणलेली तीनशे पानं. विणता विणता तिच्यातला जीव कधी उडून गेला, ते विणणारीलाच कळलं नव्हतं. प्रकाशकाला लिहिलेलं पत्र टेबलावर तयार होतं. कादंबरी होणार नाही, क्षमा असावी. यापुढे माझ्यानं लिहिणंही होणार नाही.

त्याचं रडून झालं होतं. आताची भीती निराळी होती. कादंबरीत तळमजल्यावर एक म्हातारी होती. साऱ्या इमारतीचा कचरा हुंगत फिरायची. दह्याच्या डब्याचं झाकण भलत्या पिंपात दिसलं, की ज्याचं त्याला धुवायला लावायची. नव्वदाव्या पानावर ऊटेनं तिला तळघराच्या जिन्यावरून ढकलून दिलं होतं. मोठ्या हौसेनं.

जिन्यात सपाता वाजल्या. मग दारावरची घंटा.

"ब्रेंत्सबाई, हे काय?" नेगेलेबाईंनी कादंबरीच्या पानांवरचं प्लास्टिकचं पाकीट तिच्या नाकासमोर धरलं. "कागदात प्लास्टिक! शिकलेसवरलेले लोक तुम्ही!"

"चुकलं. घाईत होते."

"तीनशे पानं घाईत टाकतं का कुणी?" बाई न विचारता आत येऊन खुर्चीत बसल्या. त्यांना धाप लागली होती. "आणि त्या म्हातारीला एकट्यानं ढकललंय तुमच्या त्या भाडेकरूनं. जमायचं नाही. माझ्यासारखीला पाडायला दोघं तरी लागतील."

ऊटेचे कान लाल झाले. "तुम्ही वाचलंत? तासाभरात?"

"तासाभरात कसलं? चार वर्षं वाचतेय. तुम्ही टाकता, मी काढते. पाच वेळा लिहिलंत, पाचही वेळा टाकलंत. आजचं टाकलंत ते झ्याक केलंत. चार पानं चाळली तरी कळलं, मेलेलंच होतं ते."

ऊटेला हसावं की रडावं कळेना. चार वर्षांत सगळे तिला छान चाललंय म्हणाले होते. खरं सांगायला कुणी जिने चढून आलं नव्हतं.

बाईंनी काखेतून एक गठ्ठा काढला. सुतळीनं बांधलेला. पानं इस्त्री फिरवल्यासारखी सपाट, कोपऱ्यावर कुणाच्या तरी अंड्याचा पिवळा डाग. तो त्यांनी टेबलावर ठेवला, थेट त्या पत्रावर.

"ही तुमची तिसरी खेप. मागच्या वसंतात टाकलेली," बोट हलवत त्या म्हणाल्या. साऱ्या इमारतीला दरडावायचा त्यांचा तो आवाज. "हा कचरा नव्हे, ब्रेंत्सबाई. पुन्हा पिंपात सापडला, तर घरमालकाला कळवीन."