पांतेलिमोनच्या वाटणीचं ताट

ताट अर्धं संपलं तसा सेवेरने काटा खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. समोर बसलेल्या त्याच्या बायकोने, विओरिकाने, अडकलेला श्वास सोडला. जमलं बाबा एकदाचं.

पण ते ताट सेवेरचं नव्हतंच. ते होतं त्याच्या थोरल्या भावाचं, पांतेलिमोनचं, आणि पांतेलिमोनला जाऊन आज वर्ष झालं होतं. वर्षाच्या जेवणाला आमच्या गावात मेलेल्याच्या जागी एक माणूस बसवतात, साधारण त्याच्याच वयाचा आणि त्याच्याच बांध्याचा. त्याच्या अंगावर मेलेल्याचा कोट चढवायचा, पुढ्यातल्या पावात मेणबत्ती खोचायची, आणि तो जे जे खाईल ते वर पोचतं. का पोचतं, कसं पोचतं, असले प्रश्न इथे कुणी विचारत नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला त्यांच्या आईने, म्हाताऱ्या स्मारांदाने, टपालवाल्याला बसवलं होतं. तो काडीपैलवान, चिमणीसारखे चार दाणे टिपून उठला. तेव्हापासून म्हातारीच्या स्वप्नात पांतेलिमोन यायला लागला. फाटकापाशी टोपी हातात घेऊन उभा राहायचा आणि आत काही यायचा नाही. म्हातारीने तेव्हाच ठरवून टाकलं, वर्षाला धाकटाच बसेल. तेवढ्या अंगापिंडाचा गावात दुसरा होता तरी कोण?

आता तेही खरं राहिलं नव्हतं म्हणा. ज्या चरबीने पांतेलिमोनचं हृदय बंद पाडलं तीच सेवेरच्याही छातीत बसली आहे, असं शहरातल्या डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. उपाशी मरू नकोस, म्हणाला, उपास करणारे दुसऱ्या दिवशी दुप्पट हाणतात. सगळं खा, पण बेताने खा. विओरिकाने मोठी ताटं माळ्यावर टाकली आणि लहान बशा काढल्या. घास सावकाश चावायचा, काटा मधेमधे खाली ठेवायचा, पोट तुडुंब व्हायच्या आधी उठायचं. सुरुवातीला सेवेर मांजरासारखा पातेल्याकडे टक लावून बसायचा. मग हळूहळू अंगवळणी पडलं. पट्ट्याला आतल्या बाजूला नवीन भोक पाडावं लागलं त्या दिवशी विओरिका आतल्या खोलीत जाऊन आनंदाने रडली होती.

त्यामुळे आज भावाचा कोट त्याच्या खांद्यावरून घसरत होता. घालताना म्हातारीने तो मागून चिमटीत धरून पाहिला आणि शेजारणीला म्हणाली, "बघ, वाळलाय तिकडे."

आता ती पातेलं घेऊन टेबलाभोवती वाढत वाढत सेवेरपाशी आली. कोबीच्या पानात डुकराचा खिमा भरलेल्या गुंडाळ्या, त्यावर तूप सुटावं तशी सुटलेली चरबी. तिने अर्धं ताट पाहिलं.

"एवढंच?"

"पोट भरलं, आई."

"तुझं भरलं असेल."

विओरिका मग घाईघाईने सांगायला लागली, डॉक्टर काय म्हणाला, छातीचा फोटो कसा आला, अर्धं खाल्लं तरी भावना पोचतेच ना, पाद्रीबाबाही तेच म्हणतील. टेबलाच्या टोकाला बसलेल्या पाद्रीबाबांनी मिशा पुसल्या आणि पुढचा घास घेतला. म्हातारीने सुनेचं सगळं नीट ऐकून घेतलं.

"जिवंत माणूस मागून तरी खातो गं," ती म्हणाली. "माझं लेकरू तिथे कुणाकडे मागणार?"

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर विओरिकाने चोख उत्तर दिलं असतं. पण म्हातारीला खरंच ठाऊक नव्हतं, तिचा मुलगा तिथे कुणाकडे मागेल. ती विचारत होती.

सेवेरने काटा उचलला. उरलेलं अर्धं संपवलं. म्हातारीने आणखी दोन गुंडाळ्या घातल्या, मक्याच्या पिठाचा घाटा घातला, वरून पळीभर चरबी. तेही त्याने संपवलं. पहिल्यांदा घास चावताना तो भावासाठी खातो आहे हे दिसत होतं, डोळे भरून आले होते त्याचे. पण तिसऱ्यांदा वाढल्यावर काटा मधे खाली ठेवायचा तो विसरला. मान खाली गेली, कपाळावर घाम आला, हनुवटीवरून ओघळ आला तो त्याने पावाने निपटून तोंडात घातला. आणि विओरिकाला जे दिसायला नको होतं ते दिसलं. त्याला ते फार फार आवडत होतं. इतके दिवस लहान बशीवर वाकून तो ज्याची वाट बघत होता ते हेच होतं.

हे सगळं आत्ताच्या आत्ता थांबवायला तिच्यापाशी एकच वाईट गोष्ट उरली होती. ती तिने सगळ्यांदेखत बोलून टाकली.

"आई, उद्या सेवेर गेला, तर त्याच्या जागी कुणाला बसवणार?"

तिला वाटलं, म्हातारी कळवळेल. हातातली पळी टाकेल, निदान पातेलं तरी मागे घेईल.

म्हातारी कळवळली नाही आणि रागावलीही नाही. ती पातेलं कमरेवर घेऊन उभी राहिली आणि विचार करायला लागली. मग तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबलावरच्या एकेका पुरुषाकडे, गळ्यापासून पोटापर्यंत, नीट निरखून पाहिलं. तिची नजर ज्याच्यावर जाई तो काटा खाली ठेवी. हळूहळू सगळ्यांचे काटे थांबले. टेबलावर आता एकट्या सेवेरच्याच जेवणाचा आवाज येत होता.