काटा लाल रेघेपर्यंत

गाडी दोनदा खोकली, मागून भसकन धूर सोडला आणि गप्प झाली. ती विकत घ्यायला आलेल्या दातांच्या डॉक्टरणीने पुन्हा चावी फिरवली. इंजिन नुसतंच कुरकुरलं. शेजारी उभ्या असलेल्या काकूंचा चेहरा पडला.

"कालच सुरू केली होती हो," काकू म्हणाल्या. "रोज करते. शेडमधून फाटकापर्यंत आणते, पुसते, परत आत लावते. एक दिवस चुकवलेला नाही."

ते अगदी खरं होतं. काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून काकूंनी दोघांनाही तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं, काकांना आणि काकांच्या गाडीला. काकांचं चष्म्याचं दुकान होतं आणि ही दोन दारांची, बुटकी, लाल, जुनी गाडी ही त्यांची एकुलती एक हौस. तिचं इंजिनही जगावेगळं. त्यात पिस्टन नाहीतच, पोटात त्रिकोणी तुकडे गरगर फिरतात. पेट्रोल पिते ते पितेच, वर तेलही पिते. सुट्टीच्या दिवशी काका तिला घेऊन गावाबाहेर जायचे आणि शीळ घालत परत यायचे.

आता ते दिवसभर वरच्या खोलीत खिडकीपाशी शाल पांघरून बसत. जिना नको, वारा नको, मीठ नको. डॉक्टरांनी गाडी चालवायला कधीच परवानगी दिली होती, पण काकूंनी अजून दिली नव्हती. रोज नजरेसमोर गाडी नसली म्हणजे काकांचा जीव तिच्यात अडकणार नाही, असा काकूंचा हिशेब. "विकून टाकू या का?" असं विचारलं तेव्हा काका म्हणाले, "बघ, तुला ठीक वाटेल तसं." आताशा ते कशालाच नाही म्हणत नसत. ऑपरेशनपेक्षा काकूंना याचीच जास्त धास्ती वाटू लागली होती.

डॉक्टरणीकडे पूर्वी अशीच गाडी होती. तिने बॉनेट उघडलं, पाना मागितला आणि एक प्लग काढून उजेडात धरला. पेशंटच्या दाढेकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं. प्लग काळाकुट्ट आणि पेट्रोलने ओलाचिंब होता.

"काकू, खरं सांगू? गप्प बसले तर गाडी मला स्वस्तात पडेल," ती म्हणाली. "पण हिला काही झालेलं नाही. ही जपून जपून आजारी पडलीय."

"म्हणजे?"

"थंड इंजिन सुरू करायचं, चार पावलं न्यायचं आणि लगेच बंद करायचं, हे हिला मानवत नाही. पेट्रोल आतच साठतं, काजळी धरते. हिला आधी नीट तापू द्यायची आणि मग मोकळ्या रस्त्यावर दामटायची. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल रेघेपर्यंत, पार सातावर, म्हणजे सात हजारांवर. पळाली की हिचा घसा मोकळा होतो."

 काकूंनी शेडच्या दारातून नकळत वर खिडकीकडे पाहिलं. खुर्चीच्या पाठीवर नुसती शाल होती. काका नव्हते.

डॉक्टरणीने बाकीचेही प्लग काढले, सगळे पुसून वाळवले, परत बसवले, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि चावी फिरवली. गाडी धडधडली, अडखळली आणि एकदम गरजली. सगळी शेड धुराने भरून गेली.

"आता बंद करायची नाही हं," ती ओरडून म्हणाली. "तापली की मी एक फेरी मारून आणते."

धूर विरळ झाला तेव्हा शेडच्या दारात काका उभे होते. जिना एकट्याने उतरून आले होते. घाईत चपलाही उलट्या घातलेल्या. काकू ओरडणार होत्या, तेवढ्यात त्यांचं लक्ष काकांच्या चेहऱ्याकडे गेलं. कितीतरी महिन्यांनी काकांच्या डोळ्यांत जीव दिसत होता.

"गाडी जपून जपून आजारी पडलीय, हे तुम्हाला ठाऊक होतं?" काकूंनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी वरून आवाज ऐकला तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

काका गाडीच्या टपावरून हात फिरवत राहिले. "तू रोज इतक्या मायेनं पुसायचीस. कोणत्या तोंडानं सांगणार, की त्यानंच जीव गुदमरतोय म्हणून?"

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हातातल्या गाडी पुसायच्या फडक्यानेच त्यांनी ते पुसलं, आणि गालावर काळा पट्टा ओढून घेतला.

"अहो डॉक्टर, तुम्ही उतरा जरा," त्या म्हणाल्या. "त्यांना बसू द्या."

गाडी आपल्या हातची गेली, हे डॉक्टरणीला तिथेच कळलं. तरी ती हसत उतरली. "प्लग मात्र नवे घाला," एवढं बजावून तिने फाटक उघडून दिलं.

गावाबाहेरचा रस्ता सरळ होता आणि रिकामा. काकूंनी सीटचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. पाय लांब करून इतकं खाली बसायचं म्हणजे रस्त्यावरच बसल्यासारखं वाटत होतं. इंजिन छान तापलं होतं. काका अगदी शहाण्या मुलासारखे, हळू चालवत होते आणि मधूनमधून चोरून काकूंकडे बघत होते.

काकूंनी पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि वाकून काट्याकडे निरखून पाहिलं.

"अहो, ती सात म्हणाली होती," काकू म्हणाल्या. "तुम्ही अजून तिनावरच आहात."